रैहानाचं बाळंतपण आणि तिचा उद्धटपणा

१० जानेवारी
आमची शेळी रैहाना गाभण. मागच्या वर्षी गाभडली होती, म्हणून या खेपेस सगळी देखरेख जातीने मी करणार. बायकोने मधे पडायचं नाही. झुवैनाला तसं स्पष्ट सांगितलं.

२ फेब्रुवारी
रैहानाने शिंग मारलं. मलाच! जो तिला स्वतःच्या हाताने खजूर भरवतो! गुरांची डॉक्टर थुरैया म्हणाली, काका, तिच्या अंगात हार्मोन बदलतायत, सांभाळून घ्या. आमच्या काळी शेळ्यांना हार्मोन नव्हते. शिस्त होती.

५ मार्च, सकाळ
रैहाना खुराने जमीन उकरते, ओरडते, मी जवळ गेलो की पाठ फिरवते. डॉक्टर फोनवर म्हणाली, एक हार्मोन उतरला, दुसरा चढतोय, आज विणार. तुम्ही फक्त लांब बसा. माझी शेळी आणि मी लांब बसू?

५ मार्च, दुपार
व्यायली! नर. पांढराशुभ्र. पण अंगभर चिकट घाण. रैहाना चाटायला लागली होती, तिच्या वेगाने संध्याकाळ झाली असती. उचललं, शॅम्पूने धुतलं, लोबानाची धुरी दिली, मानेला निझव्याच्या बाजारातून आणलेलं अत्तर लावलं. चार माणसांत जायचं तर नीट जावं. गावच्या बैठकीत नेऊन सगळ्यांना दाखवलं. कॉफी झाली, खजूर झाले, पुन्हा कॉफी झाली. शेजारचा हिमयार नुसता जळला. झुवैना दारातून ओरडत होती, अहो, आधी आईजवळ द्या, चीक पिऊ द्या! या बाईला सगळ्याची घाई.

५ मार्च, संध्याकाळ
रैहानाने करडाला हुंगलं आणि लाथ मारली. पुन्हा ठेवलं, पुन्हा लाथ. निर्लज्ज! पोटचा गोळा आहे! झुवैनाने तिला धरून चीक पिळला, बाटलीने पाजला, म्हणून करडू तगलं. डॉक्टर बघायला आली, म्हणाली, व्यायल्याबरोबर हार्मोन उसळतो, त्या भरात आई चाटून चाटून वासाने पिल्लू ओळखते. ती वेळ गेली की दार बंद. मग करडाला हुंगून विचारलं, काका, याला अत्तर कोणी लावलं? मी विषय बदलला. अत्तराचा दोष नाही. चांगलं भारी होतं.

६ मार्च
रैहानाला बांधून आईच्या कर्तव्यांवर बोललो. तिने माझ्या फेट्याचं टोक खाल्लं. करडू सारखं ओरडतंय, ऐकवत नाही. संताप होतो. नक्की कोणाचा, ते कळत नाही. झुवैना म्हणाली, आरशात बघा.

९ मार्च
झुवैनाचा हुकूम: ज्याने अत्तर लावलं त्याने पाजावं. हरकत नाही. तात्पुरतं आहे. दोन दिवसांत रैहाना ताळ्यावर येते की नाही बघा.

२१ मार्च
रैहानाशी बोलणं बंद केलंय. तिला काही फरक पडलेला दिसत नाही.

२ एप्रिल
बैठकीत गेलो. मागोमाग करडू. वाटेत रैहाना उभी होती, तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही त्याने. सगळ्यांदेखत माझ्या मांडीवर चढून झग्याची कड चोखायला लागलं. तीस वर्षं हे लोक मला अबू नासिर, म्हणजे नासिरचा बाप, म्हणून हाक मारतात. आज हिमयार सरकून जागा करून देत म्हणाला, या, करडाची आई, बसा. अख्खी बैठक खो खो हसली. माझं डोकं फिरलं. दोन शिव्या हासडल्या, कॉफी तशीच टाकून ताडकन उठलो.

तसंही त्याच्या दुधाची वेळ झाली होती.