टाकीतला समुद्र

मोताळा, मंगळवार संध्याकाळ

सासूबाईंनी माशांच्या टाकीत मूठभर हळद-कुंकू वाहिलं! नव्या विहिरीला पाणी लागलं की वाहतात ना, तसंच, श्रद्धेनं.

गुडघ्यांमुळे त्यांना प्रवास झेपत नाही. समुद्र बघायचा राहूनच गेला. म्हणून तर ह्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, जिवापाड जपून प्रवाळ वाढवलं. काल पहिल्यांदा ते फुलासारखं उमललं, तेव्हा म्हणाले, "माय, हा पाह्य तुहा समुद्र."

पिवळं पाणी वाटीनं उपसलं, मिठाचं तयार पाणी ओतलं. पण प्रवाळ मिटलंय. उघडेल ना? मासे दगडाआड दडलेत. हे जळगाव जामोदहून निघालेत, येतीलच एवढ्यात. फोनवर सांगावं? नको. मग दारात सांगू? कसं?

पुन्हा पाहिलं. मिटलेलंच.

"काऊन पाणी काढून राह्यली वं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई, साफ करते."

त्या टाकीला हात जोडून हसल्या. "म्या समुद्राले एवढंच मांगतलं. माह्या पोरानं जीव लावला, ते सारं जित्तं राहू दे."

फाटक वाजलं. प्रवाळ अजून मिटलेलंच आहे.