बावन्न मुलांचं 'आरामदायक'

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
१९ एप्रिल २०२५

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तीन महिने पत्र नाही, माफ कर. फोनवर आपण दोघंही 'बरं आहे' म्हणून ठेवतो. खरं ते कागदावरच लिहावं लागतं.

आमच्या विद्यापीठात वर्गांमधल्या उकाड्याची पाहणी माझ्याकडे आहे. तिसऱ्या मजल्यावर, थेट गच्चीखाली, ड्रॉइंग हॉल आहे. तापमापकात चौतीस अंश, तरी साठांपैकी बावन्न मुलांनी फॉर्मवर 'आरामदायक'वर खूण केली. पंखे पुरेसे आहेत असा अहवाल मी सही करून दिला, आणि मे महिन्याच्या परीक्षा तिथेच ठरल्या. परवा पूर्वी नावाची विद्यार्थिनी तिथेच चक्कर येऊन खाली बसली. लिंबूपाणी पिऊन हसायला लागली, आता ठीक आहे. पण तिचा फॉर्म काढून पाहिला, तर त्यावरही 'आरामदायक'! बेरीज तीनदा तपासली, बरोबर आहे. मग माझं चुकलं कुठे?

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी सुनयना

पानिपत
२६ एप्रिल २०२५

चि. सुनयनास,
अनेक आशीर्वाद.

बेरीज तपासणं सोड. मी दिल्ली छावणीत सुभेदार असताना कर्नलसाहेब जेवणाच्या वेळी जवानांच्या लंगरात, म्हणजे खानावळीत, यायचे आणि खाना कैसा है म्हणून विचारायचे. सव्वाशे जवान एका सुरात 'बहुत बढिया, साहब!' डाळीत डाळ शोधावी लागायची. साहेब भला माणूस, पण समोर उभा होता ना!

तू फॉर्म भरून घेताना कुठे उभी होतीस? आणि फॉर्म त्या मुलीचा म्हणून ओळखलास कसा? तुझी वहिनी म्हणते, आमच्या बाईंनी मार्कांची वही हातात धरून विचारलं असेल. घरी ये, इथल्या मिलमधली चादर काढून ठेवली आहे. उन्हाळ्यात चादर कशाला, हे विचारू नकोस.

तुझा दादा

लक्ष्मीबाई नगर
६ मे २०२५

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीला सांग, नेम बरोबर बसला. मी हजेरीपट घेऊन टेबलाशी उभी होते, आणि फॉर्मवर रोल नंबर होता.

पाहणी पुन्हा केली. बिननावाच्या चिठ्ठ्या, दाराशी खोकं, आणि मी खाली कँटीनमध्ये. साठांपैकी सत्तेचाळीस जणांनी 'असह्य' लिहिलं. एकाने तर लिहिलं, मॅम, यहाँ पेन भी पसीने से फिसलता है.

परीक्षा समितीचे प्रमुख जयदीप सर. माझा निष्कर्ष चुकला, असं त्यांना लेखी दिलं. माझ्या बढतीची फाईल त्यांच्याच टेबलावर आहे. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, अच्छा हुआ, पेपर से पहले बता दिया. परीक्षा तळमजल्यावर, उत्तरेकडच्या दालनात, सकाळी सातला. खूप दिवसांनी आज मोकळा श्वास घेतला.

एकच टोचतं. पूर्वीला चक्कर आली नसती, तर मी तो अहवाल पुन्हा उघडला असता का? उघडला असता असं लिहायला घेतलं होतं, पण खोडलं.

दोघांची माया अशीच असू दे, आणि चुका अशाच सांगत जा.
तुझी सुनयना

ता. क. उद्याचं काम: तळमजल्याच्या दालनाच्या दाराशी चिठ्ठ्यांचं खोकं ठेवायचं आणि तिथून निघून जायचं.