बहीण नाही म्हणाला

प्रिय आकानेसी,

काल तुझ्या आईचा ऑकलंडहून फोन आला. तुझीही साखर वाढलीय, अंग बापासारखंच सुटत चाललंय, आणि डॉक्टरीणबाई बोलावतात तर तू जात नाहीस म्हणे. तुझ्या बापाच्या, माझ्या मानासेच्या थडग्यावरची वाळू अजून नीट बसलेली नाही, आणि आता तू? फोनवरच रागावणार होते, पण हुंदका आवरेना. म्हणून लिहितेय.

मयताच्या दिवशी तू सगळ्यांदेखत मला विचारलंस, "आत्या, तुमचं भांडण झालं होतं का गं? पप्पांनी डॉक्टरांना सांगितलं, मला बहीण नाही." पाठचा एकुलता एक भाऊ, आणि जाताना मला पुसूनच टाकून गेला? रात्रंदिवस तेच डोक्यात. शेवटी तुझ्या आईनं सगळं उलगडून सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वजन नुसतं खाण्यानं वाढत नाही. पोटातले चांगले जंतू मेलेत, आतड्याचं अस्तर जुन्या चटईसारखं उसवलंय. नको ते रक्तात झिरपतं, अंग आतून धुमसत राहतं, चरबी आणि साखर दोन्ही हटत नाहीत. रक्ताच्या नात्यातलं कुणी सडपातळ असेल, तर त्याच्या शौचातले जंतू याच्या पोटात सोडून बघू. भाऊ-बहीण आहे का कुणी?

तू तिकडे वाढलीस, तुला हे कोण सांगणार? आमच्या बेटांवर वयात आलेला भाऊ बहिणीसोबत एका छपराखाली झोपत नाही. मी घरात आले की मानासे उठून बाहेर जायचा. आमच्याकडे पहिला टीव्ही आला, तेव्हा मी आत बसलेली म्हणून हा बाबा खिडकीबाहेर डास मारत बघायचा! पण शेतातला पहिला सुरण काढला की माझ्याच दारात. दवाखान्यातून फोनवर दिसला, तेव्हाही पायाच्या पट्टीवर चादर ओढली आणि विचारलं काय, तर डुकरं कशी आहेत. माझ्यासमोर ज्यानं कधी पोट दुखतं म्हटलं नाही, तो माझ्याकडे शी मागणार होता? बहीण आहे म्हटलं असतं, तर परक्या लोकांत माझ्या शौचाची चर्चा झाली असती. ती होऊ नये, म्हणून त्यानं बहीणच नाही म्हटलं. मान राखला रे बाबा माझा! असला मान घेऊन मी काय करू?

हापाईची सगळी बेटं मला काडी म्हणून हिणवतात. चर्चमधल्या बाया अजून विचारतात, घरात जेवायला घालतात ना गं? त्याला तिकडे गोदामात रात्रपाळी, वर पाव आणि तळलेली मेंढीची चरबी. मला इथे अळूचे कंद, पाला, मासे. आम्ही एकाच आईचे. या काडीच्या पोटात त्याच्यासाठी काहीतरी होतं, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. तो वाचला असता की नाही, देव जाणे. डॉक्टरीणबाईही म्हणतात, अजून सगळी चाचणीच आहे, खात्री काही नाही. पण मी दिलं असतं गं. लाज गुंडाळून दिलं असतं.

भावाबहिणीत ती भिंत आहे. आत्या-भाचीत नाही. तू इथे तान्ही असताना तुझी दुपटी मी या हातांनी धुतलीत, तेव्हा माझ्यापुढे लाजू नकोस. आमच्या रीतीत आत्याचा शब्द भाचीला मोडता येत नाही, हे तरी तुला ठाऊक असेल. पुढच्या बोटीनं निघतेय, तिथून विमान. डॉक्टरीणबाई पुन्हा विचारतील, घरात कुणी आहे का? तेव्हा मान खाली घालू नकोस, पोरी. सांग, मला आत्या आहे.

तुझीच, आणि त्याचीही,
कालोलाईने आत्या