मास्तरच्या जागी

९ मार्च, मंगळवार

कुत्र्याच्या तोंडाला वास येतो म्हणून लग्नघर काळजीत! माझ्या दवाखान्यात आजवर बरंच काही आलं, पण हे पहिल्यांदाच.

ग्रंथपाल मास्तरला घेऊन आले होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण मी त्यांना अजून ग्रंथपालच म्हणते. मास्तर म्हणजे त्यांच्या मुलीचा कुत्रा. पांढरा, डोळ्यांभोवती दोन काळी वलयं, चष्मा लावून वर्गावर निघाल्यासारखा. अकरा वर्षं माझ्याकडे येतोय, पण टेबलावर एकदाही आपणहून चढला नाही. दोन माणसं लागतात.

मुलीचं लग्न रविवारी. मास्तर अंगठ्या घेऊन येणार — गळ्यात मखमली पिशवी, पट्टा ग्रंथपालांच्या हातात, दोघांनी खुर्च्यांमधल्या वाटेनं चालत पुढे जायचं. मुलीची आई जाऊन चार वर्षं झाली. आईच्या जागी माझ्याबरोबर कोण चालणार, असं त्यांनी विचारलं, तर लेकीनं मास्तरचं नाव घेतलं म्हणे. हसत हसत सांगत होते. मग उगाच चष्मा पुसत बसले.

दात बघितले. किटण चढलंय, दोन दाढा किडल्यात. भूल देऊन साफ करावे लागतील. मी सांगितलं, वय झालंय, आधी रक्त आणि हृदय तपासू. अहवाल शनिवारशिवाय येणार नाही, म्हणजे दात लग्नानंतरच. ते लगेच म्हणाले, बरोबर आहे, राहू दे मग, वासाचं काय एवढं. आणि गेले.

माझी ही वृत्ती चांगली आहे. नियम म्हणजे नियम.

१० मार्च, बुधवार

ग्रंथपालांचा फोन. उद्या सकाळी आणतो म्हणाले, दात करूनच टाका. तपासणीचं काय, विचारलं. म्हणाले, तुम्ही आहात ना.

कालचा माणूस आज असा कसा बदलला? मी थोडी कुरकुर केली. मग हो म्हटलं. तसा धडधाकट आहे मास्तर. काल जाताना जिन्यावरून कसा उड्या मारत गेला!

११ मार्च, गुरुवार

मास्तर गेला.

दुपारी

लिहून ठेवते. नाहीतर उद्या मीच स्वतःला काहीतरी वेगळं सांगेन.

साडेनऊला भूल दिली. दहा वाजून दहा मिनिटांपर्यंत सगळं ठीक. उजव्या बाजूचे दात झाले. डावीकडे वळवला तर जीभ निळसर. आधी वाटलं, दिव्याचा प्रकाश. मग ठोके ऐकले — नव्हतेच. इंजेक्शन दिलं, छाती दाबली, पुन्हा इंजेक्शन. मावशी वीस वर्षं माझ्याकडे आहेत, असल्या वेळी माझ्या आधी त्यांचा हात औषधावर असतो. आज त्या नुसत्या मास्तरचा पाय धरून उभ्या होत्या. पाऊण तास मी दाबत होते. शेवटी मावशी म्हणाल्या, “ताई, सोडा आता.”

मग मी जमिनीवर बसले, त्याला मांडीवर घेऊन. अर्धे दात पांढरेशुभ्र. अर्धे पिवळे.

हृदय कमजोर असणार. तपासणीत कळलं असतं. मी ती केली नाही. हे या वहीशिवाय कुणाला माहीत नाही — म्हणजे ग्रंथपालांना माहीत आहे, पण त्यांना वाटतंय मी मनात काही हिशेब करूनच हो म्हटलं. मी कसलाही हिशेब केला नव्हता. मला नाही म्हणायचा कंटाळा आला होता.

ग्रंथपाल बाराला आले, हातात मास्तरचा नवा पट्टा. सांगितलं. ते मागे मागे सरकत गेले आणि जनावरांच्या वजनकाट्यावर बसले. समोरच्या पडद्यावर आकडा उजळला, चौसष्ट. मी त्या आकड्याकडे बघत राहिले, त्यांच्याकडे बघवेना.

हातातला पट्टा गुंडाळत बोलले.

“तिला कळता कामा नये.”

मला वाटलं, लग्न होईपर्यंत म्हणताहेत. चार दिवस काहीतरी सांगू, मी म्हटलं, दाढ सुजली, दवाखान्यात ठेवलाय, येऊ शकत नाही. तर मान हलवायला लागले. तसं केलं तर ती इथे येऊन बसेल, म्हणाले. आई गेल्यावर सात महिने ती खोलीबाहेर आली नव्हती. मास्तरला फिरवायला म्हणून पहिल्यांदा बाहेर पडली. मला ते आठवतंय. तेव्हा ती इथे आली होती, कागदासारखी पांढरीफटक.

मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, वाचनालयात बोलावं तसं: असा दुसरा कुत्रा मिळेल का?

मी चाटच पडले. हसू आलं असतं, दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर.

१२ मार्च, शुक्रवार

मिळाला.



शहराबाहेरच्या भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात गेलो — मी, ग्रंथपाल आणि होणारा जावई. त्याची बेकरी आहे, हातांवर कोपरापर्यंत पीठ तसंच. गाडीत तो एकदाच बोलला. “काका, तिला सांगायला हवं.” ग्रंथपाल खिडकीबाहेर बघत होते. “सोमवारी मीच सांगेन,” म्हणाले. मग काय झालं कोण जाणे, त्यांनी जावयाचा हात धरला आणि निवारा येईपर्यंत सोडला नाही.

एकोणचाळीस कुत्रे. एक पांढरा, तीनेक वर्षांचा, अंगानं थेट मास्तर. डोळ्याभोवती एकच वलय. दुसऱ्या डोळ्याभोवती नुसतं पांढरं.

ग्रंथपालांनी माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि ऐकलं तर माझंच तोंड म्हणत होतं की केसांचा कलप लावता येईल, डोळ्यापासून बोटभर लांब.

मी! पंचवीस वर्षं जनावरांना हात लावतेय, आज एका घाबरलेल्या कुत्र्याला मेकअप केला. मावशींनी धरला होता. त्या कलपाची वाटी माझ्यापुढे करायच्या आणि तोंड फिरवायच्या. सगळं झाल्यावर एवढंच म्हणाल्या, “त्याला तरी नाव द्या काहीतरी.”

दिलं नाही.

मास्तरला सकाळीच दवाखान्यामागे, पाण्याच्या टाकीपलीकडे पुरलं. खड्डा जावयानं खणला. तो रडत होता आणि खणत होता, थांबला नाही.

१३ मार्च, शनिवार

तिचा फोन आला. लग्नघराची गर्दी नको, रविवारपर्यंत मास्तर दवाखान्यातच राहील, असं ग्रंथपालांनी तिला सांगितलंय.

“डॉक्टर, कसा आहे आमचा हिरो?”

मी म्हटलं, मजेत.

एवढा एकच शब्द. इतक्या सहज आला की मला माझी भीती वाटली. तिनं विचारलं, जेवला का. म्हटलं, जेवला. दात कसे झाले? म्हटलं, चकचकीत. ती हसली. म्हणाली, मग आता सगळ्यांसमोर माझा मुका घेऊ दे त्याला.

फोन ठेवून त्या कुत्र्यापुढे भरलेली वाटी ठेवली. त्यानं तोंड लावलं नाही.

१४ मार्च, रविवार

सगळं जसं घडलं तसं.

सभागृह मोठं नव्हतं. शंभरेक खुर्च्या, मधे वाट, पुढे टेबलावर नोंदणीचं रजिस्टर. फुलं पांढरी. मी भिंतीजवळ शेवटच्या रांगेत. मावशी आल्या नाहीत. डोकं दुखतंय म्हणाल्या.

दार उघडलं. ग्रंथपाल आणि कुत्रा. लोकांनी टाळ्या वाजवल्या तसा कुत्रा जमिनीला पोट टेकून बसला. ग्रंथपालांनी पट्टा ओढला नाही. तेही वाकले, त्याच्या कानाशी काहीतरी बोलले, आणि दोघं तसेच, एक वाकलेला आणि एक सरपटणारा, पुढे गेले. लोक हसत होते. प्रेमानं हसत होते. मोबाइल वर. कुणीतरी म्हणालं, बघा, लाजतोय.

जावई जमिनीकडे बघत होता. कुत्र्याला हाक मारायची असं ठरलं होतं. त्याच्यानं मारवली नाही.

ती खाली बसली. पांढरे कपडे, जमिनीवर पसरलेले. दोन्ही हात पुढे. “ये रे माझ्या मास्तरा.” कुत्रा तिच्याकडे गेला, कारण त्या क्षणी त्या खोलीत तिच्याइतकं खाली कुणी नव्हतं. तिनं त्याचं तोंड हातात घेतलं. अंगठे डोळ्यांखाली फिरवले, नेहमी फिरवते तसे.

मग थांबली.

उजव्या अंगठ्याकडे बघितलं. लांबूनही मला दिसलं — काळा.

फोटोवाला म्हणत होता, ताई, इकडे बघा. तिनं अंगठा मुठीत घेतला. वर बघितलं. बापाकडे नाही, नवऱ्याकडे नाही. सगळ्या खुर्च्यांवरून थेट शेवटच्या रांगेत, माझ्याकडे.

मी नजर खाली केली. हे लिहायलाच हवं. मी खाली केली.

मग तिचा आवाज आला, छान, मोकळा. “शहाणा माझा तो.” पिशवी सोडवली, अंगठ्या काढल्या. उठताना कुत्र्याचा पट्टा आपल्या मनगटाला गुंडाळला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. सही करतानाही. ग्रंथपालांच्या गळ्यात पडून खूप रडली. सगळ्यांना वाटलं, मुली रडतातच.

ग्रंथपाल माझ्याजवळून जाताना पुटपुटले, “निभावलं.” त्यांचा चेहरा दहा वर्षांनी लहान झाला होता.

मी त्यांना वाट करून दिली.

१५ मार्च, सोमवार

दवाखाना बंद ठेवला.

१६ मार्च, मंगळवार

ती आली. एकटी. कुत्रा बरोबर. कलप धुऊन काढलेला, एक डोळा काळा, एक पांढरा. तो आपणहून टेबलावर चढला.

वाटलं होतं ओरडेल. तिनं फक्त विचारलं, कधी गेला. म्हटलं, गुरुवारी सकाळी. त्रास झाला? नाही, झोपेत होता. कुठे आहे? मागे नेऊन दाखवलं. तिथे बराच वेळ उभी राहिली. कुत्रा माती हुंगत होता, तिनं त्याला हुंगू दिलं.

बाबांनी काल सांगितलं का, मी विचारलं. नाही, म्हणाली. सांगतील असं वाटत नाही. कालही आणि आजही सकाळी फोन करून मास्तर कसा आहे विचारलं आणि मी मजेत म्हटलं.

मजेत.

आणि ग्रंथपालांना हे कळलेलं नाही की हिला कळलंय. जावयाला? त्यानं लग्नाच्याच रात्री कबूल केलं, ती म्हणाली. बाबांना कळू द्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलंय.

जाताना तिनं माझे हात धरले. “शेवटी तुम्ही होतात त्याच्याजवळ. बरं झालं.”

आणि मी तिचे आभार घेतले. घेतले आणि खिशात घातले. तपासणीचा शब्द काढला नाही.

१९ मार्च, शुक्रवार

जेवण जात नाही. आज एका म्हाताऱ्या मांजरीला भूल द्यायची होती. अहवाल हातात होता, सगळं व्यवस्थित होतं, तरी भरलेली सुई खाली ठेवली. मालकिणीला परत पाठवलं. मावशींनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, “ताई, जे आहे ते त्या मुलीला सांगून या.” त्यांना कसं कळलं? वीस वर्षं.

२१ मार्च, रविवार

गेले तिच्या घरी. सांगितलं सगळं. तपासणी करायला हवी होती, मी केली नाही, कदाचित वाचला असता.

ती ऐकत होती. मग म्हणाली, “बाबा मंगळवारी घरी येऊन म्हणाले होते, डॉक्टर तपासणीशिवाय नको म्हणतात, दात राहू दे. मी भांडले त्यांच्याशी. सासरच्यांसमोर वास येतो, मला लाज वाटते, असं मी म्हणाले. मास्तरची लाज. बुधवारचा फोन मी करायला लावला.”

ग्रंथपाल सोमवारी तिला का सांगू शकले नाहीत ते मला तेव्हा कळलं. विचारलं, बाबांनी हे कधी काढलं नाही तुझ्याजवळ?

“एकदाही नाही,” ती म्हणाली.