उत्तरपूजा राहिली

२९ सप्टेंबर, सोमवार
पुढच्या सोमवारी तपासणी. बाहेरची संस्था, आमच्या ओळखीचं कोणी नाही. राजवाडे सर, आमचे साइट हेड, आज पुन्हा तेच ऐकवून गेले: सर्टिफिकेट मिळालं तर बँक आपले सर्व्हर इथंच ठेवेल, नाही तर उचलून दुसऱ्या डेटा सेंटरला नेईल. मग एवढ्या मोठ्या इमारतीत आम्ही काय भजी तळायची?
मशीनं उत्तम आहेत आमची. पण तपासणारी बाई मशीनं बघणारच नाही म्हणे. आम्ही ती कशी सांभाळतो ते बघणार. कुठलं काम कोणाचं, ते लिहिलेलं आहे का, लिहिल्यासारखं होतं का. ऑपरेशन्स मॅनेजर मी. म्हणजे परीक्षा माझीच.
घरी येऊन संजयवर ओरडले. त्याने भात जास्त लावला होता, एवढंच.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
दामूकाका एपीएमसी मार्केटमधून झेंडू घेऊनच ड्यूटीवर आले. इथल्याच शिरवणे गावचे. इमारत उभी राहिली तेव्हापासून इथले इलेक्ट्रिकल सुपरवायझर. दरवर्षी पूजा तेच मांडतात. तिन्ही डिझेल जनरेटरना हार, पॅनेलला हळदकुंकू, समोर पाने, पकडी, मीटर. हार घालताना जनरेटर आपोआप सुरू झाला तर कोणाचा तरी हात जायचा, म्हणून काकांनी आधी तिघांचे स्विच ऑटोवरून ऑफला केले. नारळ, आरती, पेढे.
टाळ्या वाजवत होते, डोक्यात तपासणी. देवा, तेवढं बघ.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
वाचलो. निव्वळ नशिबाने.
दसऱ्याची सुट्टी संपवून सकाळी राउंडला गेले. जनरेटर रूममध्ये हार सुकलेले आणि तिन्ही स्विच ऑफ. परवापासून! लाइट गेली असती तर बॅटऱ्यांनी काही मिनिटं रेटलं असतं, मग सगळं ठप्प. बँकेचंच नाही, सगळ्यांचं. आणि काल संध्याकाळी शेजारीच, तुर्भ्यात लाइट गेली होती. आमच्या फीडरवर, म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या लाइनवर, गेली नाही. बस, तेवढंच मध्ये होतं.
कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर पिवळी सूचना दोन दिवस होती. प्रत्येक शिफ्टने बघितली. प्रत्येकाला वाटलं, पूजेचं आहे, काकांनी ठेवलंय, आपण कशाला हात लावा.
काकांना बोलावलं. तोंडचं पाणी पळालं त्यांच्या. "मॅडम, पुजेला मांडलेल्या हत्याराला त्या दिशी हात लावाचा नसतो. मना वाटला, दसऱ्याची शिफ्ट ऑटोला टाकंल." दसऱ्याच्या शिफ्टला वाटलं, काका करून गेले असतील. आम्ही दोघांनी मिळून तिन्ही चालवून बघितले, ऑटोला टाकले.
सरांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. "झालं काहीच नाही. कळलं? कुणाकडे एक अक्षर नाही. आणि बाहेर आलंच, तर चूक दामूची. घरी पाठवू त्याला."
मी "हो सर" म्हटलं. का म्हटलं?

४ ऑक्टोबर, शनिवार
काका जेवायला समोर बसले होते. डबा उघडला, सुकटीची चटणी मला वाढली, स्वतः जेवलेच नाहीत. म्हणाले, "चालीतल्या खोल्यांचा भाडा येतो मॅडम, पैशाचा काय नाय. पन इथून हाकलला, आसा गावात बोलतील. त्यो नको मना." मी काहीबाही बोलले. काही होणार नाही वगैरे. माझाच विश्वास नव्हता.

६ ऑक्टोबर, सोमवार
आल्या. जयंती मॅडम, चेन्नईच्या. कॉटनची साडी, खाली सेफ्टी शूज. इंग्रजी, मध्येच मोडकं हिंदी. ज्याला त्याला एकच विचारतात: तू उद्या आला नाहीस तर हे काम कोण करेल? आमची पोरं माझ्याकडे बोट दाखवतात.
दुपारी जनरेटर रूम, सरही बरोबर. हार मी काढून टाकले होते, पण पॅनेलवरचं कुंकू राहिलं. बरोब्बर स्विचच्या वर. बाई थबकल्या, हसल्या. "आयुधपूजा? आमच्याकडेही असते. वडिलांचं वर्कशॉप होतं. पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत पान्याला बोट लावू द्यायचे नाहीत." मग हसू गेलं. "पूजेसाठी हे बंद केलं असणार. परत ऑटोवर कोणी केलं? कधी?"
सर म्हणाले, "त्याच दिवशी. लगेच."
बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी कुंकवाकडे बघत राहिले.
लाज वाटते. बास.

७ ऑक्टोबर, मंगळवार
दिवसभर बाई बॅटरी रूममध्ये. मी मागे मागे, गुन्हेगारासारखी.
संध्याकाळी काका पार्किंगमध्ये थांबलेले. उद्या त्यांची मुलाखत आहे. "मॅडम, मना खोटा बोलाला नाय जमनार. मी सांगतंय, माजीच चूक."
मी एकदम भडकले. तुमची एकट्याची कशी? दोन दिवस ती पिवळी सूचना सगळ्यांनी बघितली ना! काकांना बिचाऱ्यांना काय वाटलं असेल, मी त्यांच्यावरच ओरडतेय.
घरी संजय म्हणाला, "तुझं ठरलंय. मला फक्त ऐकवतेयस." खरं आहे मेल्याचं.

८ ऑक्टोबर, बुधवार
सांगितलं.
काकांचा नंबर लागायच्या आधी मीच आत गेले. म्हटलं, सोमवारी ऐकलंत ते खरं नाही. तिन्ही स्विच दोन दिवस ऑफ होते. मला तिसऱ्या दिवशी दिसले.
बाईंनी पेन खाली ठेवलं. "पिवळी सूचना सगळ्या शिफ्टनी बघितली?" हो. "कोणी विचारलं का नाही?" मी म्हटलं, पूजेच्या गोष्टीत कोण विचारणार? आमच्याकडे आग लागली तर काय करायचं हे लिहिलंय, पूर आला तर लिहिलंय. पूजेचं कोणी लिहिलंच नव्हतं. ते काय काम आहे?
मी विचारलं, काकांना काढतील का? म्हणाल्या, ते माझ्या हातात नाही. "पण त्यांना काढलंत, तर पुढच्या वर्षी हेच होणार नाही, असं मला कशावरून सांगाल?"
निकाल मेलवर येईल.
सरांना जाऊन मीच सांगितलं. "शाबास," म्हणाले. "आता बँकेलाही तूच सांग." त्यानंतर बोलणं बंद.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
निकाल नाही. सर अजून फक्त मेलवर बोलतात, एका ओळीत.
काकांबरोबर बसून पूजेची पद्धत लिहायला घेतली. एका वेळी एकच जनरेटर ऑफ, बाकीचे दोन ऑटोवर. इथपर्यंत ठीक. मग काका अडले: पूजा केल्यावर त्या दिवशी स्विचला हात कसा लावायचा? अर्धा तास वाद. मी चिडले. चहा झाल्यावर तेच म्हणाले, "गनपती हलवतानी काय करतंव आपन? उत्तरपूजा. अक्षदा टाकल्या का देव हलवाचा. मंग ह्याची बी लगेच करू. मंग हात लावला तरी दोस नाय."
हे मला का सुचलं नाही?
लिहिलं: आरतीनंतर लगेच उत्तरपूजा, अक्षता, स्विच ऑटोवर. करणाऱ्याने मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने बघून तेच मोठ्याने म्हणायचं. तोवर कोणी पेढा खायचा नाही. करणारा: दामूकाका.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन
नव्या पद्धतीने पहिली पूजा. फक्त दोन नंबरचा जनरेटर. काकांनी अक्षता टाकल्या, स्विचची मूठ फिरवली. "दोन नंबर, ऑटो!" मी वाकून बघितलं. "दोन नंबर, ऑटो. पाहिलं." पोरं हसली, पण पेढ्यांना हात लावायचे थांबली होती.
सर दारात उभे, फोन हातात. "मेल आलाय चेन्नईहून. उद्या अकराला तू आणि दामू, दोघंही या केबिनमध्ये." चेहऱ्यावरून काही कळेना. पेढा घेतला नाही.
सगळे गेल्यावर काकांनी भिंतीवर लावलेला कागद चष्मा लावून वाचला. पहिल्यांदाच नीट वाचला असावा. म्हणाले, "मॅडम, ह्यातला माजा नाव काढा. त्या बाई काय विचारत व्हत्या? उद्या आला नाय तर कोन? मंग लिवा, जो ड्यूटीवर आसंल त्यो."
त्यांचं बरोबर आहे. पेन खिशातच होतं माझ्या.
नाव अजून काढलेलं नाही. उद्या अकराच्या आधी माझ्या हाताने तरी नको.