शाळेचा ना-हरकत कागद

कच्छ, ९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू रडतेस, मी ओरडतो, नि तेवढ्यात रेंज जाते. म्हणून लिहितोय. तुझ्या साक्षरता वर्गाच्या सुरुचीताई सांगतात ना, घरची पत्रं वाचा, तर घे. अक्षर मोठं काढलंय. सातवीत शाळा सोडलेल्याचं आहे, नावं ठेवू नकोस.

मी बरा आहे. दिवसभर सोलारच्या पट्ट्यांखाली बोल्ट आवळतो. इथे मन लागत नाही. ते कुठल्या कामात लागलं होतं, असं तू म्हणशीलच.

आता मुद्दा. तुझ्या लाडक्या लेकीचा, पूर्वीचा फोन आला होता. आपल्या गावमंडळाचे सेक्रेटरी बाबुरावकाका घरी आले, तू चहा ठेवलास नि गावच्या शाळेच्या ना-हरकत कागदावर न वाचताच सही करून दिलीस, म्हणे. आई, काय झालं होतं तुला? ती जमीन आजोबांनी दिली. मुंबईत मंडळाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या गिरणीवाल्यांनी पगारातून शाळा उभी केली. मंडळात अंगठा चालणार नाही हा नियम आजोबांचाच. फरशीवर खडूने गिरवून एकेकाला सही शिकवली त्यांनी. आता पोरं चारच उरली म्हणून तिथे हॉटेल काढतायत. ती चार पोरं नदीपलीकडे कशी जाणार? गावची काकी संध्याकाळी शिकायला बसते तो बायांचा वर्ग कुठे भरणार? जमीन देणाऱ्या घरानेच हरकत नाही म्हटलं की संपलं सगळं.

अंगठा उठवणारी बाई निदान विचारते, बाबा काय लिहिलंय म्हणून. तुम्हां सहीवाल्यांना विचारायची लाज. झोंबेल, पण खरं आहे. काकांकडे जा, कागद वाच, नि सही मागे घे.

पूर्वीला म्हणावं, चुगली वेळेवर केलीस, आल्यावर ड्रेस घेईन. माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
जयवंत


डिलाईल रोड, २० फेब्रुवारी २०२५

चि. जयवंतास,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीन दिवसांत वाचून झालं. वर्गात मोठ्याने वाचत होते. ‘लाज’पर्यंत आले नि पाणी प्यायला उठले. बायका शहाण्या, कोणी काही विचारलं नाही. हे पूर्वी लिहून घेतेय, मी सांगतेय. ती मध्येच हसते, म्हणते ड्रेसचं विसरू नको म्हणावं.

जेवतोस ना नीट? सुका जवळा पाठवते. तिथल्या पोरांना वास आला तर आला.

मंडळाच्या खोलीवर गेले होते. बाबुराव भावजी म्हणाले, वहिनी, डोळे कशाला दुखवता, मी वाचून दाखवतो. मी म्हटलं, नको, बसते मी. दोन पानं, अडीच तास. भावजींनी मध्ये दोनदा पंखा बंद केला. हॉटेल असं कुठेच लिहिलेलं नाही. ‘पर्यटन निवास’ लिहिलंय, तीस वर्षांसाठी. शाळेचं काय करणार त्याची एक ओळ नाही. शेवटी छापलंय, आम्ही हे वाचून, समजून सही करतो. ते मी चारदा वाचलं.

भावजी म्हणतात, नऊ मार्चला रविवारी सभा आहे, कागद त्या दिवशी मंजूर होणार. सही मागे घ्यायची तर सभेत स्वतः येऊन सांगायचं. पण तुमच्या एकटीच्या सहीने काही अडणार नाही वहिनी, म्हणाले, घरच्या दोन्ही मागे यायला हव्यात.

पुढचं माझं मी लिहिते. पूर्वीला उठवलं.

जया, माझ्या सहीच्या वर तुझी सही होती. गणपतीत केलेली. मला वाटलं, झिलाने वाचलं असणार. म्हणून मी खाली केली.

राग नाही. आशीर्वाद आहे.

आई


कच्छ, २८ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आईस,
सा. न.

आठवलं. विसर्जनाच्या आदल्या दिवशी, मंडपात. पोरं बाहेर हाका मारत होती. काकांनी विचारलं होतं, जयवंता, वाचतोस का रे? मी म्हटलं, वाचलं समजा, पेन द्या. मला वाटलं, शाळेच्या डागडुजीचं काही असेल. तुला एवढं पानभर सुनावलं तेव्हा हे डोक्यातही आलं नाही.

सुपरवायझरकडे सुट्टी मागितली. म्हणाला, एप्रिलमध्ये तुला पक्का करणार होतो, आता गेलास तर परत येऊ नकोस. आजवर पाच कामं सोडली, एकदाही मागे वळून पाहिलं नाही. या वेळी बॅग भरून दोन तास तसाच बसलो होतो. तिकीट काढलंय. सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी पोचतो.

सही मागे घेऊनही सभेने ऐकलं नाही तर काय, ते मला ठाऊक नाही. तुलाही नसेल. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, भांडायला जमतं, आणि भांडून चालणार नाही. तेव्हा सभेत तो कागद तू वाच. अडीच तास लागले तरी चालतील. मी शेजारी बसून पहिल्या ओळीपासून ऐकेन, मग माझं नाव खोडेन.

शनिवारपर्यंत लोभ सांभाळून ठेव. घरी आल्यावर काय बोलायचं ते बोल.

जयवंत