एक ना धड

प्रिय आप्पा,

'प्रिय' वाचून हुरळून जाऊ नका, पत्राला काहीतरी सुरुवात लागते म्हणून लिहिलंय. आईच्या तोंडून तुमचा निरोप मिळाला. गॅरेज बंद पडलंय आणि किल्ल्या मी घेऊन जाव्यात, असा. त्याचं उत्तर शेवटी देईन. बारा वर्षं मी थांबले, तुम्ही चार पानं थांबा. आधी खुशाली, आणि तीही माझी नाही, माझ्या गाडीची. ती ठणठणीत आहे. तीच ती राखाडी हायब्रिड, जिच्याबद्दल तुम्ही भर गॅरेजात सांगितलं होतंत, "पाच वर्षांत हिची बॅटरी बसेल आणि रडत माझ्याच दारात येशील." बॅटरी बसली नाही आणि मी दारात आले नाही. रडले की नाही, ते पुढे सांगते.

तो दिवस तुम्ही विसरला असाल असं मला वाटत नाही, तरी लिहिते. शाळा सुटली की दादा खेळायला पळायचा आणि मी दप्तर टायरांच्या ढिगावर टाकून तुमच्या हाताखाली उभी राहायचे. तुम्ही हात पुढे करायच्या आत हवा तो पाना तुमच्या हातात असायचा. अख्खा बाजार तुम्हाला 'कानवाले मिस्त्री' म्हणायचा. गाडी आली की तुम्ही दोन्ही हात पाठीशी बांधायचात, बॉनेटजवळ मान तिरकी करायचात आणि नुसतं ऐकून सांगायचात, बेअरिंग गेलंय की टॅपेट वाजतोय. "आधी ऐकायचं, मग हात लावायचा. हात लावून काय, कोणीही सांगेल," हे तुम्ही माझ्याकडून घोकून घेतलं होतंत. म्हणून नवी कोरी गाडी घेऊन मी गॅरेजात शिरले तेव्हा मला एवढंच हवं होतं, की तुम्ही तशी मान तिरकी करावी आणि चार लोकांत म्हणावं, चांगली घेतलीस पोरी.

मान तिरकी केलीत. गाडी तेव्हा बॅटरीवर होती, इंजिन बंद. तुम्ही म्हणालात, "सुरू कर." मी म्हटलं, सुरूच आहे. तेवढ्यात गाडीने आपल्या मनाने इंजिन चालू केलं, तशी ती करतेच, आणि ती घरघर तिथल्या सगळ्यांनी ऐकली. तुम्ही मात्र हात पाठीशी बांधून तसेच उभे. "अगं, सुरू कर म्हणतोय ना." व्हॅन न्यायला आलेले बेकरीवाले फिसकन हसले. "मिस्त्री, कधीची सुरू आहे ती," म्हणाले. तुमचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, तुम्ही माझी फजिती करायला सोंग घेताय. मग तुमचा तोफखाना सुटला. एक ना धड भाराभर चिंध्या, म्हणालात. ना धड पेट्रोलची, ना धड विजेची. आणि आमची ही पोरगीही तसलीच, ना घरातली ना गॅरेजातली. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून किल्ल्यांचा जुडगा काढून सगळ्यांसमोर दादाच्या हातात दिलात. दादाच्या, आप्पा. ज्याला पान्यात आणि पकडीत फरक कळत नव्हता.

त्या दिवशी ठरवलं, की ही गाडी मरू द्यायची नाही. सूड घ्यायचा म्हणून लोक कोर्टात जातात, भिंती घालतात, बोलणं टाकतात. मी वेळच्या वेळी सर्व्हिसिंग केलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला हायब्रिड गाड्यांचंच वर्कशॉप होतं, तिथे नोकरी धरली आणि ही विद्या शिकले. तुम्ही ज्याला चिंध्या म्हणालात, त्याच चिंध्यांवर मी बारा वर्षं जेवते आहे.

गाडीनेही मला नाचवलं, खोटं कशाला सांगू. एकदा आम्ही सुट्टीवर गेलो आणि ती दारात उभी राहून मेली. मोठी बॅटरी ठीक होती, पण सगळं जागं करणारी छोटी बॅटरी पार उतरली होती. टोइंगवाल्याला मी लांबचा रस्ता घ्यायला लावला, तुमच्या गॅरेजासमोरून ही गाडी दोराला बांधून जाता कामा नये म्हणून. एका उन्हाळ्यात मागच्या सीटखालचा, बॅटरी गार ठेवणारा पंखा बोंबलायला लागला. उघडून बघते तर आमच्या कुत्र्याच्या केसांची गादी जमलेली. केस काढले, पंखा गप्प. ब्रेक पॅड मात्र एवढे टिकले की बदलायचे कधी, हेच विसरायला झालं, कारण ही गाडी थांबता थांबता स्वतःलाच चार्ज करते. तुमच्यासारखी नाही, आप्पा. तुम्ही थांबता तेव्हा समोरच्याची सगळी ताकद काढून घेता.

आठव्या वर्षी डॅशबोर्डवर मोठ्या बॅटरीचा लाल दिवा लागला. तेव्हा रडले. न्हाणीघरात नळ सोडून रडले, कारण मला दिवा दिसत नव्हता, तुम्ही दिसत होता. मग डोळे पुसले, बॅटरी उतरवली आणि एकेक खण तपासला. एकच कमजोर निघाला. तेवढा बदलला आणि घरात कोणाला सांगितलं नाही. बॅटरी बसली नाही, असं मी वर म्हटलं ते अजूनही खरंच आहे. ती जराशी लंगडली होती.

आणि आता ते, जे तुम्हाला ठाऊक नाही. दर शनिवारी मी तुमच्या गॅरेजासमोरून जायचे. मुद्दाम सावकाश, बॅटरीवर, आवाज न करता. तुम्ही रस्त्याकडे पाठ करून स्टुलावर बसलेले असायचात आणि तुमच्या पाठीमागून माझी न मेलेली गाडी जायची. आठवडाभर मला तेवढं पुरायचं. गेल्या वर्षी एका शनिवारी माझी भीड चेपली आणि मी हॉर्न वाजवला. तुम्ही वळला नाहीत. पुन्हा वाजवला. समोरचा चहावाला टपरीतून बाहेर आला, कुत्रं उठून पळालं, तुमची मान हलली नाही. तेव्हा लक्षात आलं. मग मागचंही सगळं उलगडत गेलं. तुम्ही प्रत्येकाला "रेस दे, अजून दे" का म्हणायला लागला होता. घरातल्या टीव्हीचा आवाज एवढा मोठा का असायचा. आणि त्या दिवशी इंजिन घरघरत असताना तुम्ही "सुरू कर" का म्हणत होता. ते सोंग नव्हतं. कानवाल्या मिस्त्रींचे कान तेव्हाच जात चालले होते, ते माझ्या गाडीने चव्हाट्यावर आणलं असतं, आणि म्हणून मला हाकललंत.

मला वाईट वाटलं असेल, असं समजू नका. मला आनंद झाला. घरी जाईपर्यंत मी स्टिअरिंगवर ठेका धरला होता. बाजारात एका माणसाला सांगितलं असतं तरी संध्याकाळपर्यंत तुमच्या नावाची पाटी उतरली असती. वर्षभर ते माझ्या जिभेवर होतं. बेकरीवाले दोनदा भेटले आणि दोन्ही वेळा मी हवापाण्याच्या गप्पा मारून परतले. का, ते मला विचारू नका.

आता दादा गॅरेज टाकून इमारतींच्या दलालीत गेला. येणाऱ्या गाड्यांतल्या निम्म्या माझ्या गाडीच्या जातीच्या, त्यांना हात लावायला तिथे कोणी नाही. आणि तुम्हाला मी आठवले. तेही आईच्या तोंडून. तुम्ही फोन का केला नाहीत, ते आईला कळलं नसेल, मला कळलं. मीही म्हणूनच फोन केला नाही, आणि आलेही नाही. आले असते तर तुम्ही माझ्या ओठांकडे बघत, न ऐकलेल्याला मान डोलावली असती, आणि माझा एवढा साठवलेला राग अर्धा वाया गेला असता. लिहिलेलं सगळं पोचतं. तेव्हा नीट वाचा. किल्ल्या मी घेईन, पण आईकडून नाही. तुम्ही द्याल, त्याच जागी, बेकरीवाल्यांसमोर, दादासमोर. नवी पाटी मी रंगवायला दिली आहे, तिच्यावर 'एक ना धड' असं मोठ्या अक्षरांत येईल. तुमच्या कानांबद्दल मी कोणाला काही सांगणार नाही, ते मी आजवर गिळलं तसं पुढेही गिळीन. पण त्या दिवशी मी गाडी घेऊन आत येईन, आणि तुम्ही पाठीशी बांधलेले हात सोडून तळवा बॉनेटवर ठेवायचा. इंजिन चालू झालं की तळव्याखाली बारीक थरथर येते, ती तुम्हाला फसवणार नाही. ती आली की सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, सुरू आहे. तुम्हाला स्वतःला ते ऐकू आलं नाही तरी चालेल. मला ऐकायचं आहे.

तुमचीच,
ना घरातली, ना गॅरेजातली